पळवून नेलेलं लेकरू

माझा भाऊ एका शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास गेला आणि मला ते साडेअकरा वाजता कळलं. त्याचं घर नाशिकच्या उपनगर भागात, माझं जेल रोडला. रिक्षाने दहा मिनिटं लागतात. पण शनिवारी फोनला हात लावायचा नाही हा दादाचा नियम, आणि नियम करणारा माणूस समोर नुकताच डोळे मिटून पडलेला असताना तो मोडायचा कसा, हे रिबेकावहिनीला सुचलं नाही. ती त्याच्या उशाशी बसून राहिली. खालच्या मजल्यावरच्या शमीमभाभी काहीतरी विचारायला वर आल्या, त्यांनी पाहिलं आणि मला फोन लावला. ‘मिल्काताई, लवकर या. भाईसाहेब गेले,’ एवढंच त्या बोलल्या. मी पोचले तेव्हा माझ्या मनात दुःखाच्या आधी काय आलं असेल तर चीड. अडीच तास! माझा भाऊ अडीच तास गेलेला होता आणि मी घरी मेथी निवडत बसले होते, कारण त्याच्या घरातला फोन शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा शनिवारचा विसावा, पाळत होता.

त्यानंतरचा सगळा दिवस मी फोनवर होते. ठाण्याला दफनाची व्यवस्था, गाडी, डॉक्टरांचा दाखला, आमचे विधी करणाऱ्या मंडळींना निरोप... शनिवारी दफन करता येत नाही, रविवारी न्यायचं होतं, पण रविवारची तयारी शनिवारीच करायला हवी होती. वहिनी समोर बसून माझ्याकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत होती. ‘तू कर’ असं तिला म्हणता येत नव्हतं, कारण दुसऱ्या ज्यूला शब्बाथ मोडायला सांगणं हेही पाप. ‘करू नकोस’ म्हणणंही शक्य नव्हतं, कारण मग झालं कसं असतं? इस्राएलमधल्या त्यांच्या मुलीला मी सात वेळा फोन केला. तीही बापासारखीच, उचलणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी केला. शेवटी तिच्या शेजाऱ्याचा नंबर वहिनीच्या वहीत सापडला आणि त्याने जाऊन दार वाजवलं. पाळणाऱ्यांच्या घराण्यात न पाळणारं एक माणूस असावं लागतं, ही गोष्ट कुठल्या ग्रंथात लिहिलेली नसेल तर लिहून ठेवायला हरकत नाही.

बेंजामिन हे त्याचं नाव. सगळे बेनी म्हणायचे, मी बेनीदादा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. नाशकात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे आयुष्यभर मला ‘म्हणजे तुम्ही ख्रिश्चन ना?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं आहे. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. प्रार्थना विसरले, भाषा विसरले, पण शनिवारी बैल जुंपायचा नाही हे विसरले नाहीत. ही गोष्ट दादाने मला इतक्या वेळा ऐकवली आहे, की घाणा दिसला तर मी त्याला लाथ मारीन असं मी एकदा म्हणाले होते.

आम्ही वाढलो इगतपुरीला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. बाबा रेल्वेत. चार महिने कपडे वाळायचे नाहीत, भिंतींना बुरशी, आणि आईची शुक्रवारची धांदल मात्र बारा महिने सारखीच. सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा, दिवा लावायचा, मग बाबा किद्दुश म्हणायचे. किद्दुश म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पेला हातात घेऊन म्हणायची शब्बाथची प्रार्थना. तिला द्राक्षाचा रस लागतो. आपल्याकडे धर्माला चालेल अशी वाइन कुठून मिळणार, म्हणून आमच्या लोकांनी काळ्या मनुकांचं शरबत काढलं. गुरुवारी मनुका भिजत घालायच्या, शुक्रवारी हाताने कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. मी दहा वर्षांची झाले तेव्हा आईने हे काम माझ्याकडे दिलं. हात छोटे पण दाब चांगला आहे, असं ती म्हणाली. पुढे आई गेली, बाबा तर आधीच गेले होते, दादाचं लग्न झालं, आम्ही नाशकात आलो, पण शुक्रवारचं शरबत माझ्या हातचं, हे ठरलेलंच राहिलं. मी लग्न केलं नाही. दर शुक्रवारी बाटली घेऊन दादाकडे जायचं, तो बाबांच्या चालीत किद्दुश म्हणायचा, पेला फिरायचा, मग जेवण. माझा आठवडा त्या पेल्याशी संपायचा.

आता माझ्या पापाबद्दल. बाबा गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि दादाचा डिप्लोमा अर्धा राहिला होता. मला नाशिकरोडच्या एका मुलींच्या शाळेत नोकरी लागली. शनिवारी सकाळची शाळा. पहिल्या शनिवारी मी दारात चपला घालून उभी राहिले आणि पाय उचलेना. आईने डबा हातात दिला. म्हणाली, जा, कोण कशासाठी चाललंय ते देवाला दिसतं. मी गेले, आणि पुढची सदतीस वर्षं दर शनिवारी जात राहिले. भूगोल शिकवला, कवायत घेतली, पेपर तपासले. दादाचा डिप्लोमा झाला आणि तो सिन्नरच्या एका कारखान्यात लागला. त्या औद्योगिक वसाहतीत विजेची टंचाई, म्हणून कारखान्यांना आठवड्यातल्या वेगवेगळ्या वारी सुट्टी वाटून दिलेली, आणि दादाच्या कारखान्याच्या वाट्याला आला शनिवार! म्हणजे मी खडू झिजवत असताना हा घरी पाय पसरून शब्बाथ पाळत होता. तुझा शब्बाथ देवाने नाही, वीज मंडळाने दिलाय, असं मी त्याला म्हणायची. तो हसायचा. तेव्हा तो हसायचा, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

निवृत्तीनंतर दादा मुलीकडे इस्राएलला गेला आणि सहा महिन्यांनी परत आला तो दुसराच कोणी होऊन. वाईट माणूस होऊन आला नाही, तसा आला असता तर सोपं झालं असतं. प्रेमळ होऊन आला, शांत होऊन आला, आणि नियम घेऊन आला. स्वयंपाकघरात मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, फडताळंही दोन. फ्रिजचा दिवा शनिवारी लागू नये म्हणून शुक्रवारी त्याचा बल्ब काढून ठेवायचा. वहिनीने हे सगळं मुकाट्याने शिकून घेतलं. मीही काही बोलले नाही. ज्याचं घर त्याचे नियम. माझ्या डब्यातलं तो खाईनासा झाला, तेही मी पोटात घातलं, माझ्या घरात भांडी एकच असतात हे खरंच होतं.

मग एका शुक्रवारी टेबलावर दोन बाटल्या दिसल्या. एक मी आणलेली, एक वहिनीने केलेली. दादाने वहिनीच्या बाटलीतलं शरबत पेल्यात ओतलं, किद्दुश म्हटलं आणि पेला फिरवला. माझी बाटली तशीच. वहिनी ताटलीकडे बघत होती. मी जेवण होईपर्यंत थांबले. दोन बाटल्या कशाला, असं विचारलं, तेव्हा त्याने अगदी मऊ आवाजात समजावलं. द्राक्षाच्या रसाला परक्याचा, म्हणजे ज्यू नसलेल्याचा, हात लागला तर तो किद्दुशला चालत नाही, हा जुना नियम. आणि जो ज्यू उघडउघड शब्बाथ मोडतो त्याचा हात, या एका बाबतीत, परक्याच्या हातासारखाच धरतात. चहा चालतो, पाणी चालतं, फक्त द्राक्ष नाही. ‘तू मनात आणू नकोस मिलू, हे तुझ्याबद्दल नाही,’ तो म्हणाला. मग कोणाबद्दल आहे? त्या घरात दुसरं कोण होतं? आणि द्राक्षच का? नाशकात राहून माणसाला बहिणीच्या हातचं वावडं व्हावं, आणि तेही फक्त द्राक्षांच्या बाबतीत! चहूबाजूंनी द्राक्षांच्या बागा असलेल्या गावात आमच्या घरात मनुकांवरून विटाळ सुरू झाला.

विटाळ हा शब्द मी त्याला तोंडावर ऐकवला. त्याला तो फार लागला. तो म्हणाला, विटाळ नाही, कुंपण आहे. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, असं मी विचारलं. मी बाटली पिशवीत घातली आणि घरी आले. त्यानंतर मी शुक्रवारी जायची बंद झाले. शनिवारी दुपारी जायची, मुद्दाम, शाळेतून सरळ, खडूचे हात घेऊन. तो दार उघडायचा, ये म्हणायचा, पाणी द्यायचा. कशी आलीस, हे त्याने कधीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रिक्षाने म्हटलं असतं आणि मग त्याला काहीतरी बोलावं लागलं असतं. दोघांनाही भांडायचं होतं आणि दोघेही ते टाळण्यात तरबेज झालो होतो.

दीडेक वर्ष असं गेलं असेल. मग एके दिवशी, शुक्रवारी सकाळी, तो माझ्या दारात उभा. चेहरा असा फुललेला, की कुणाला नातू झाला की काय असं वाटावं. मुंबईला येणाऱ्या कुणा विद्वान रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, गाठून त्याने माझी केस त्यांच्यापुढे मांडली होती. हो, माझी केस. आणि त्यांनी मार्ग काढून दिला होता. ग्रंथात एक गोष्ट सांगितली आहे म्हणे, पळवून नेलेल्या लेकराची. ज्यूचं तान्हं लेकरू परक्यांनी पळवून नेलं, ते परक्यांत वाढलं, त्याला धर्म कुणी शिकवलाच नाही, तर पुढे त्याने नियम मोडले तरी तो गुन्हेगार नव्हे. त्याला दोष द्यायचा नाही, त्याला जवळ घ्यायचं. आजच्या काळातले बहुतेक न पाळणारे ज्यू याच सदरात मोडतात. त्यामुळे माझा हात परक्याचा धरायचं कारण नाही. ‘म्हणजे मी तुझ्या हातचं घेऊ शकतो,’ दादा म्हणाला. ‘आज ये. बाटली घेऊन ये. मी रिबेकाला सांगितलंय, तू करू नकोस म्हणून.’

इथे मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. आज कळतं. माणूस साठी ओलांडलेला, लालपरीत चार तास धक्के खात मुंबईला जाऊन आला, का, तर बहिणीच्या हातचं घोटभर शरबत पिता यावं. त्याने भिंतीत दार पाडून आणलं होतं. पण मला ते दार नको होतं, त्यातून रांगत जावं लागणार होतं. मी म्हटलं, मला कोणी पळवलं? कधी पळवलं? आपण एका आईच्या पोटचे, एका ताटात जेवलो. मला पळवलं तर तुलाही पळवलं. तो समजावू लागला, की हे नुसतं सदर आहे, शब्दांवर जाऊ नकोस. मी शाळेत आयुष्य घालवलेली बाई, शब्दांवर जाऊ नको तर कशावर जाऊ? मी म्हटलं, दादा, मी अजाण नाही. मला सगळं माहीत होतं. पहिल्या शनिवारी चपला घालतानाही माहीत होतं, आईलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघींनी ते समजून उमजून केलं. मला पापी म्हण, चालेल. बिचारी म्हणू नकोस.

तो उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, ‘तू असं बोललीस मिलू, आता मी काय करू?’ तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. नंतर लागला. मी गप्प राहिले असते तर लेकरू ठरले असते आणि तो शरबत प्यायला असता. मला माहीत होतं असं मी तोंडाने कबूल केलं, आणि त्याच्यापुरतं ते दार मी स्वतःच बंद केलं. त्याच्या हिशेबात मी एक तर अडाणी असायला हवी होती नाहीतर परकी. सगळं माहीत असलेली, तरीही घरातली, अशी जागाच त्याच्या फडताळात नव्हती. मटणाचं एक, दुधाचं एक, मला ठेवायचं कुठे? या माणसाला मी किती वेळा हे सांगितलं असेल! आणि तो किती वेळा मान हलवून, हो गं, बघतो, असं म्हणाला असेल, जणू मी नळ गळतोय असं सांगत होते.

मी निवृत्त झाले तेव्हा त्याला वाटलं आता प्रश्न मिटला. शनिवारची शाळा संपली, आता ही पाळेल. तसं पाहिलं तर पाळायला काहीच अडचण नव्हती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी काय केलं? सकाळी उठले, रिक्षा केली, भाजीबाजारात गेले आणि नको असलेली भाजी घेऊन आले. दोन किलो वांगी. मला वांगी आवडत नाहीत. दादाच्या हट्टाबद्दल मी पानं भरून लिहिते आहे, तर हेही लिहायला हवं, की त्या दिवशी मला कोणी अडवलेलं नव्हतं आणि कोणी पाठवलेलंही नव्हतं.

त्यानंतर त्याने आणखी एक युक्ती काढली. रस उकळला तर त्याला कोणाचाही हात लागलेला चालतो, असंही एक मत आहे. तू मनुका उकळून घे ना, आपल्यातल्या कितीतरी बायका उकळूनच करतात, असं त्याने वहिनीकरवी सुचवलं. खरं तर गॅसवर दहा मिनिटं. पण आईने मला भिजवून कुस्करायला शिकवलं होतं, आणि माझा हात उकळून शुद्ध करायला मी काय दवाखान्यातली सुई आहे? नाही म्हणून सांगितलं. वहिनीने तोच निरोप तसाच पोचवला असणार, कारण दादाने नंतर विषय काढला नाही. आम्ही दोघे भावंडं, एक ग्रंथातल्या वाटा धुंडाळत बसलेला आणि दुसरी प्रत्येक वाटेवर काटे टाकत बसलेली. रिबेकावहिनी मधल्या मध्ये पिचली, आणि तिने एकदाही कोणाची बाजू घेतली नाही, याचाही मला राग यायचा.

दफनानंतर सात दिवस घरात बसायचं असतं. जमिनीवर, नाहीतर बुटक्या स्टुलावर. मी बहीण, मलाही बसायचं होतं, आणि बसले. सातही दिवस, शनिवारसकट, आणि त्या शनिवारी फोनला हात लावला नाही, कारण वहिनीचा चेहरा मला पुन्हा तसा बघायचा नव्हता. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते नाशकात जमणं कठीण, म्हणून एक दिवस ठाण्याहून काही मंडळी गाडी करून आली. त्यांत एक तिशीतला, नीट दाढी राखलेला, फार गोड बोलणारा गृहस्थ होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, बेनीअंकल आम्हाला नेहमी सांगायचे, तुमच्यासारख्यांवर आपण प्रेमच केलं पाहिजे. तुमच्यासारख्यांवर! मी विचारलं, माझ्यासारखी म्हणजे कशी? तो गडबडला. म्हणाला, म्हणजे ज्यांना शिकायला मिळालं नाही... मला त्याला बरंच काही ऐकवता आलं असतं. पण तो चार तास प्रवास करून माझ्या भावासाठी आला होता, आणि त्याच्या बायकोने आमच्यासाठी उकडलेली अंडी पाठवली होती. मी नुसतं म्हटलं, बेनीअंकल शेवटी असं म्हणत नव्हते. कसं म्हणत होते, ते मी त्याला सांगितलं नाही. इथे सांगते.

जाण्याच्या पाचेक आठवडे आधी दादा दवाखान्यात होता. फुप्फुसात पाणी झालं होतं. तो शुक्रवार होता. संध्याकाळी वहिनीला घरी जाऊन दिवा लावायचा होता, आणि एकदा सूर्य मावळला की ती रिक्षात बसणार नव्हती, म्हणून मी सोबतीला थांबले. माझं काय, मला केव्हाही रिक्षा चालते. खिडकीतून उड्डाणपूल दिसत होता, बाहेर अजून उजेड होता. दादा उशांना टेकून बसला होता आणि त्याचा हात सारखा पलंगाशेजारच्या टेबलावर जात होता. काय शोधतोस, मी विचारलं. आज रिबेका शरबत विसरली, तो म्हणाला. बिचारीच्या चार दिवसांच्या धावपळीत मनुका भिजवायच्या राहून गेल्या होत्या. माझ्या पिशवीत बाटली होती. इतकी वर्षं शुक्रवारी मी घरी एकटीसाठी शरबत करतच होते, सवय जात नाही, आणि घरी परतायला उशीर होणार म्हणून मी ती बरोबर घेतली होती. मी ती काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. न उकळलेली.

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून एकेक शब्द उच्चारत त्याने विचारलं, ‘मिलू, शाळेत जायचीस तेव्हा तुला नीट माहीत नव्हतं, हो ना?’

त्याला काय हवंय ते मला कळलं. नव्हतं माहीत, एवढं म्हणायचं होतं. आजारी माणसासमोर कोण किती खोटं बोलतं, मीच सकाळी त्याला तुझा रंग सुधारलाय असं सांगितलं होतं. त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्याला तो घोट हवा होता, माझ्याच हातचा हवा होता, आणि तो घेण्यासाठी तो माझ्याकडे एक शब्द मागत होता. मी तोंड उघडलं. आणि मला दारात डबा हातात देणारी आई दिसली. ‘होतं माहीत, दादा,’ मी म्हटलं. ‘सगळं माहीत होतं.’

मला वाटलं आता तो तोंड फिरवेल. तो हसला. सिन्नरच्या दिवसांत हसायचा तसा. मग त्याने पेल्याकडे बोट केलं. ‘मग तूच म्हण किद्दुश. लहान लेकराने म्हटलं तर ऐकणाऱ्या मोठ्याचं किद्दुश होत नाही. जाणतं माणूस लागतं. तू म्हण, पी, मी नुसतं ऐकतो. ऐकणाऱ्याचंही होतं.’

मी आयुष्यात कधी किद्दुश म्हटलं नव्हतं. आमच्याकडे पुरुष म्हणतात. बायकांवरही ते तितकंच बंधनकारक आहे, हे त्याने मला त्या क्षणी सांगितलं. इतकी वर्षं हा कुठला कुठला नियम खणून काढत होता आणि एवढा एक याला आधी सापडला नाही! दवाखान्याच्या स्टीलच्या पेल्यात मी शरबत ओतलं. शब्द मला पाठ होते, साठ वर्षं ऐकलेले. बाबांची चाल माझ्या आवाजात बसेना, दोनदा चुकले, दोन्ही वेळा त्याने हळूच पुढचा शब्द दिला. ब्राखा, म्हणजे किद्दुशच्या शेवटचा आशीर्वाद, संपली तेव्हा मीच घाईने आमेन म्हणून मोकळी झाले. त्याने लगेच मान हलवली. स्वतःच्या ब्राखाला स्वतः आमेन म्हणायचं नसतं. ते ऐकणाऱ्याने म्हणायचं असतं. पुन्हा म्हण. श्वास पुरत नव्हता त्या माणसाला, आणि तो मला पुन्हा म्हणायला लावत होता! मी पुन्हा म्हटलं, आणि शेवटी थांबले. त्याने मास्क काढला, पूर्ण काढला, आणि मोठ्याने, शेजारच्या पलंगावरच्या माणसाने वळून बघावं इतक्या मोठ्याने म्हणाला, ‘आमेन.’

मी प्यायले. तो नाही. तो बरा होऊन घरी आला, तीन आठवडे बरा राहिला, त्या काळात वहिनीचं शरबत घेऊन तो स्वतः किद्दुश म्हणत होता, आणि मी शुक्रवारी तिथे असायचे. माझी बाटली त्याच्या टेबलावर आली नाही. त्याने बोलावलं नाही, मीही विचारलं नाही. जे व्हायचं ते दवाखान्यात होऊन गेलं होतं.

आता वहिनी मुलीकडे जाईल. तिची कागदपत्रं चालू आहेत. उपनगरातलं घर बंद होईल, त्या दोन फडताळांचं काय करायचं ते कुणीतरी मलाच विचारेल. मी शुक्रवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून किद्दुश म्हणते. बाबांची चाल आता बऱ्यापैकी बसली आहे. शनिवारी सकाळी मी भाजीला जाते, फोन घेते, टीव्ही लावते, त्यात काही फरक पडलेला नाही आणि पडेल असं मला वाटत नाही. पण शुक्रवारी ब्राखा संपली की मला थांबावं लागतं. पेला हातात, शेवटचा शब्द म्हणून झालेला... पुढचा शब्द माझा नसतो. घरात ऐकणारं कोणी नाही. म्हणून टाक की, कोण बघतंय, असं मी स्वतःला दर आठवड्याला सांगते. सदतीस वर्षं शब्बाथ मोडला, एवढंसं मोडायला काय होतंय? पण नाही म्हणवत.